सनद खाली कधी ठेवायची? नाशिकमधल्या एका वकील-निवेदिकेचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच चेंबरमधलं आहे. ती सहा वर्षं माझी जुनिअर होती. आज ती मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीवर संध्याकाळचं बुलेटिन वाचते. तिच्या संमतीने लिहितो आहे. छापण्याआधी तिने मजकूर वाचला आणि दोन ठिकाणी माझी आठवण दुरुस्त केली. तिचं, वाहिनीचं किंवा पक्षकारांचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. इथे तिला नुसतं ‘ती’ म्हणतो.

बार रूममध्ये तिची गोष्ट एका वाक्यात संपते: “वकिली सोडली आणि टीव्हीवर गेली.” नवे जुनिअर माझ्याकडे येऊन विचारतात, “सर, आम्हालाही जमेल का?” जमेल की नाही हे मी कसं सांगणार? पण ती गेली कशी, त्यात आम्ही दोघं कुठे चुकलो आणि कुठे सावरलो, हे तरी सांगता येईल. ती गेली हे मला कधीच चूक वाटलं नाही. जे बिघडलं ते जाताजाताच्या सात महिन्यांत बिघडलं.

पार्श्वभूमी

तिची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ऑगस्ट २०१५ ची. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, घरात आधी कोणी वकील नव्हतं. माझ्याकडे आली तेव्हा तिला मी कलम १३८ च्या फाईली दिल्या, म्हणजे न वटलेल्या चेकच्या.

आमच्या जिल्ह्यात या फाईलींचा मोठा भाग द्राक्षाचा असतो. निफाड-दिंडोरीकडे हंगाम सुरू झाला की बाहेरचे व्यापारी उतरतात. बागेतच सौदा होतो, थोडी रक्कम हातात मिळते आणि उरलेल्याचा चेक. माल गाडीत भरून जातो आणि काही आठवड्यांनी चेक बँकेतून परत येतो. मग व्यापारी फोनवर म्हणतो, “पुढच्या सोमवारी टाका, खात्यात पैसे येतायत.” शेतकरी थांबतो आणि तिथेच त्याची केस मरते. कारण चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, आणि ते १५ दिवस संपले की एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार दाखल करावी लागते. पैसा खरा, चेक खरा, सहीसुद्धा खरी, आणि तरी केस बुडाली असं मी कितीदा पाहिलं आहे.

ती काय करायची, हे सांगायला हवं. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर ती शेतकऱ्याच्या शेजारी बसायची आणि त्याच्याच डायरीत किंवा लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन तारखा लिहायची. मग पेन त्याच्या हातात देऊन म्हणायची, “काका, आता तुम्ही मला सांगा.” त्याने तिन्ही तारखा चुकीशिवाय सांगितल्या की मगच वकीलपत्रावर सही घ्यायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरगी वेळ घालवते. दुसऱ्या वर्षापासून तिच्या फाईलींत मुदतीचा आक्षेप यायचा बंद झाला.

मग मार्च २०२० आला. ऐन द्राक्षाच्या हंगामात टाळेबंदी लागली. बागेत माल लटकलेला, व्यापारी गायब, जुने चेक परत आलेले, कोर्टात फक्त तातडीची कामं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन १५ मार्च २०२० पासून मुदत वाढवल्याचा आदेश २३ मार्चला काढला होता, पण तो बांधावर कोण पोहोचवणार? तिने घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला फोन टेकवून चार मिनिटांचा व्हिडिओ केला. पाठीमागे दोरीवर कपडे वाळत होते. मुदत गेली म्हणून घाबरू नका, पण चेक, बँकेचा मेमो आणि मालाच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवा, एवढंच तिने सांगितलं. द्राक्ष उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो व्हिडिओ फिरत राहिला.

त्यातून शहरातल्या एका केबल वाहिनीचं बोलावणं आलं. आठवड्यातून अर्धा तास कायद्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

पहिलं वळण: पट्टीवरचा फोन नंबर

वकिलाने टीव्हीवर बोलूच नये असा नियम नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतला नियम ५१ प्रसारण, पत्रकारिता, व्याख्यानं आणि अध्यापन यांना मोकळीक देतो. अट दोनच: जाहिरात होता कामा नये आणि पूर्णवेळ नोकरी होता कामा नये. जाहिरातीचा निर्बंध नियम ३६ मध्ये आहे.

दुसऱ्या भागात पडद्याच्या खालच्या पट्टीवर तिचं नाव, चेंबरचा पत्ता आणि मोबाइल नंबर झळकला. वाहिनीवाल्यांनी चांगल्या हेतूने टाकला असेल, लोकांना संपर्क करता यावा म्हणून. मी रात्रीच तिला फोन केला. तिने त्याच वेळी वाहिनीला कळवून पुढच्या प्रक्षेपणातून तो काढायला लावला. तिसऱ्या भागापासून फक्त नाव आणि ‘वकील’ एवढाच शब्द राहिला.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. कार्यक्रम पाहून लोक तिला शोधत कोर्टात येऊ लागले. ती फाईल घ्यायची का? तिने ठरवलं, कार्यक्रमामुळे आलेल्या माणसाची फाईल आपण घ्यायची नाही, बारमधल्या दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवायचं. काही सहकाऱ्यांना हे अतीच वाटलं. तिच्या खिशाला तर ते परवडणारं नव्हतंच. माझ्या मते मात्र तो तिचा सर्वांत स्वच्छ निर्णय होता. त्याचा खरा फायदा वर्षभराने मुंबईत झाला. तिचं बोलणं गिऱ्हाईक ओढण्यासाठी नसतं हे पाहणाऱ्याला कळत होतं, आणि मुंबईच्या वाहिनीच्या माणसाने आपल्याला का बोलावलं याचं कारणही तिला असंच काहीसं सांगितलं.

अडचण

आधी पाहुणी म्हणून आठ-दहा चर्चा झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रीन टेस्ट, सप्टेंबरपासून काम. मंगळवार ते शनिवार संध्याकाळचं बुलेटिन, रविवार-सोमवार सुटी. दरमहा ठरलेली रक्कम. तिच्या वकिलीतल्या सर्वांत चांगल्या महिन्याच्याही दुपटीहून ती जास्त होती.

सनदेचं काय, हे तिने विचारलं होतं. उत्तर मिळालं, “आम्ही पगार देत नाही, कन्सल्टंटची फी देतो. मग सनद कुठे आडवी येते?”

नियम ४९ मात्र सरळ आहे. वकिली करत असेपर्यंत वकिलाने कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू नये. अशी नोकरी धरली तर ज्या राज्य वकील परिषदेच्या यादीत नाव आहे तिला कळवावं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी. ही कडक शिस्त सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीही उचलून धरली आहे. डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागणाऱ्या मुंबईच्या एका डॉक्टरला १९९६ मध्ये नकार मिळाला, तो याच विचाराने. आणि आमच्या प्रकरणानंतर, २०२४ मध्ये, वकील असून पत्रकारिता करणाऱ्या एकाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा वकील परिषदेने नियम ४९ वर बोट ठेवून पूर्णवेळ पत्रकारितेला मुभा नाही असंच सांगितलं.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबत होतं. तिचा करार खरोखर सल्लागाराचा होता, की नोकरीला दिलेलं दुसरं नाव? तो करार मी तेव्हा वाचला नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा पिताना तिने त्याबद्दल सांगितलं, मी ऐकलं आणि मान डोलावली. दिवसाला चार करार दुसऱ्यांसाठी वाचणारा माणूस मी, आणि स्वतःच्या जुनिअरचा करार मागून घेतला नाही.

समोरचे मार्ग

त्या चहाच्या वेळी आम्ही जे बोललो ते आठवून लिहितो.

एक, नकार देऊन थांबणं. याच्या बाजूने मी बोललो. राज्यघटनेच्या कलम २३३ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला किमान ७ वर्षांची वकिली लागते. तिची सहा झाली होती. अजून वर्षभर कळ काढ, तो दरवाजा उघडा राहील, मग काय ते ठरव, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, “सर, वर्षभराने ही खुर्ची रिकामी असेल का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन, पाहुणी म्हणूनच राहणं. नियमात बसणारं, पण पाहुण्यांना मिळतं काय? गाडीभाडं सुटलं तरी नशीब.

तीन, कराराला ‘कन्सल्टंट’ म्हणायचं आणि दर सोमवारी नाशिकच्या कोर्टात उभं राहायचं.

चार, परिषदेला कळवून सनद जमा करायची आणि मोकळेपणाने जायचं. याला ती म्हणाली, “म्हणजे सूर्याजीसारखे दोर कापून टाकायचे.” मीही हो म्हणालो.

आमची मोठी चूक ती हीच. दोर कापले जाणारच नव्हते. वकिली स्वेच्छेने स्थगित करायची असेल तर राज्य परिषदेला नोंदणीकृत टपालाने कळवून मूळ सनद पाठवायची, आणि पुन्हा सुरू करायची असेल तेव्हा सचिवांकडे अर्ज करायचा, अशी तरतूद नियमांत आहे. अर्जाची छाननी होते, परिषदेचं समाधान झालं की सनद परत मिळते. स्थगिती म्हणजे सनद कायमची जाणं, असं आम्ही दोघांनी न वाचताच धरून चाललो. त्या एका गैरसमजामुळे चौथा मार्ग जितका महाग होता त्याहून कितीतरी महाग वाटला, आणि तिने तिसरा धरला.

सात महिने

मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस. आठवडाभर ठाण्याला एका मैत्रिणीच्या घरी. शनिवारी परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, आणि त्या वेळी ती मेकअपच्या खुर्चीत. त्यामुळे रात्री मिळेल त्या गाडीने, कधी शेअर टॅक्सीने कसारा घाट चढून मध्यरात्रीनंतर घरी. रविवार फाईली वाचण्यात, सोमवार कोर्टात. तिच्या पक्षकारांच्या तारखा सोमवारीच पडाव्यात म्हणून आमचा कारकून बोर्डावर धडपडायचा. दुसऱ्या वारी तारीख पडली तर मी उभा राहायचो.

मार्च २०२२ मधला एक सोमवार. द्राक्षाचाच चेक, आरोपी व्यापारी पिंजऱ्यात, तिचा उलटतपास सुरू व्हायचा होता. प्रश्न तिने रविवारी रात्री दोनपर्यंत बसून काढले होते. समोरचे वकील उठले. वयाने मोठे, बोलायला सौम्य. म्हणाले, “मॅडमबद्दल मला आदर आहे. परवा शनिवारी संध्याकाळी त्या बातम्या वाचत होत्या, रोज वाचतात. आज त्या कोणत्या नात्याने उभ्या आहेत, एवढं फक्त रेकॉर्डवर यावं.”

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. ‘सल्लागार आहे’ असं उत्तर तिच्या जिभेवर होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. ते न बोलता तिने प्रकरण थोड्या वेळाने पुकारायची विनंती केली आणि बाहेर आली.

जिन्याजवळच्या खिडकीत आम्ही उभे राहिलो. तिने फोनवर करार उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. रोज किती तास हजेरी. रजेला कोणाची मंजुरी. दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर दिसायचं नाही. दरमहा ठरलेली रक्कम, काम कमी झालं तरी तेवढीच. चौथ्या कलमापाशी ती थांबली आणि म्हणाली, “सर, समोरच्या बाजूला आपण असतो तर?” मी म्हणालो, “नोकरीच म्हटलं असतं.”

ती आत गेली. आपण या प्रकरणातून बाजूला होत आहोत, पक्षकाराला दुसरा वकील नेमायला वेळ मिळावा, एवढंच तिने सांगितलं. पुढची तारीख पडली.

पक्षकार दिंडोरीकडचे, साठीच्या पुढचे. एसटीने आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, टीव्हीवर आमच्या कांद्याचं, द्राक्षाचं बोलता, मग इथं का नाही बोलायचं?” ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. तिने त्यांना बाकावर बसवून समजावलं, जसं ती पूर्वी तारखा समजवायची तसं. या वेळी मात्र त्यांनी परत सांगितलं नाही. काही न बोलता पिशवी उचलून ते गेले.

पुढची पावलं

तिच्या नावावर तेव्हा एकेचाळीस फाईली होत्या. प्रत्येक पक्षकाराला फोन, शक्य त्यांची प्रत्यक्ष भेट, फाईल कोणाकडे जाणार हे त्यांनी ठरवायचं, घेतलेल्या फीपैकी न झालेल्या कामाची रक्कम परत. सहा आठवडे ती रोज रात्री बुलेटिननंतर हेच करत होती. अठरा फाईली माझ्याकडे राहिल्या, बाकीच्या इतरांकडे गेल्या. दिंडोरीच्या काकांची फाईल त्यांनी माझ्याकडे ठेवली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसरं काम परिषदेला लिहिण्याचं. नियम ४३ प्रमाणे नोकरी धरल्यापासून ९० दिवसांत घोषणापत्र द्यावं लागतं. ते दिवस कधीच उलटले होते. इथे एका हितचिंतकाने सुचवलं, नवा करार एप्रिलच्या तारखेचा करून घ्या, नोकरी एप्रिलपासून दाखवा, उशीर झालाच नाही असं होईल. शिवाय वकिलीची सात वर्षं मोजायची वेळ आली तर हे सात महिनेही धरले जातील.

हा सल्ला किती मोहाचा होता, हे समजून घ्या. सप्टेंबर २०२१ लिहिलं तर तिची वकिली सहा वर्षं एक महिना. एप्रिल २०२२ लिहिलं तर सहा वर्षं आठ महिने. तिने सप्टेंबर लिहिलं. सोबत कराराची प्रत आणि त्या काळात ती कोणत्या तारखांना कोर्टात उभी राहिली याची यादी जोडली. ती यादी जोडायची गरज नाही असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, “मागवल्यावर देण्यापेक्षा आधीच देते.” परिषदेने खुलासा मागवला, तिने दिला, आणि वकिली स्थगित झाल्याची नोंद झाली. वाहिनीने सरळ नेमणूकपत्र दिलं.

स्टुडिओत

इथून पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलेलं आणि थोडं पडद्यावर पाहिलेलं.

पहिल्या वर्षी तिचा वाद शब्दांवरून व्हायचा. गुन्हा नोंदला गेला म्हणजे माणूस ‘नराधम’ होत नाही. आमच्या नाशिकच्या बातमीदारीत ‘संशयित’ हा शब्द चांगला रुळलेला आहे, तो तिने मुंबईच्या डेस्कवर नेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांबद्दल जो निकाल दिला, त्याची टिपणं काढून तिने डेस्कवर वाटली. किती जणांनी वाचली, ते सोडा.

२०२२ च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलीवर अत्याचाराची बातमी ऐन बुलेटिनमध्ये आली. टेलिप्रॉम्प्टरवर ओळ सरकत वर आली: गावाचं नाव, शाळा, मुलीची इयत्ता, वडील तिथेच स्वयंपाकी. मुलीचं नाव कुठेच नव्हतं. कानातल्या टॉकबॅकवर प्रोड्युसर म्हणत होता, “वाच, नाव नाहीये त्यात.” पण त्या गावात सातवीत शिकणारी, स्वयंपाक्याची मुलगी, अशा किती असतील? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ फक्त मुलीच्या नावापुरतं नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही त्यात येतं.

ती दोन सेकंद गप्प राहिली. दोन सेकंद पडद्यावर किती लांब असतात ते मी घरी बसून पाहिलं. मग म्हणाली, “नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत…” आणि पुढच्या बातमीवर गेली. खालच्या पट्टीवर गावाचं नाव अजून फिरत होतं. ब्रेकमध्ये तिने कानातलं काढून थेट डेस्कला फोन लावला. उत्तर आलं, बाकीच्या वाहिन्या दाखवतायत. तिने नीतिमत्तेवर व्याख्यान दिलं नाही. त्याच कलमाचं तिसरं पोटकलम वाचून दाखवलं: कर्मचाऱ्याच्या कृतीसाठी माध्यमाचा प्रकाशक किंवा मालकही जबाबदार धरला जातो. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुढच्या भागात पट्टी बदललेली होती.

ही वकिलीची सवय तिच्या कामी आली. दुसऱ्या वेळी त्याच सवयीची किंमत मोजावी लागली.

२०२३ मध्ये एका फसवणुकीच्या बातमीत अटक झालेला माणूस तिचा जुना पक्षकार निघाला. काही वर्षांपूर्वी त्याचे कागद तिने हाताळले होते. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम १२६ मध्ये होतं, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३२ मध्ये आहे, आणि वकीलपत्र संपलं म्हणून ते संपत नाही. तिने संपादकांना सांगितलं, “ही बातमी मी वाचणार नाही. कारण विचारू नका.” कारण सांगितलं असतं तर तो माणूस तिचा पक्षकार होता हेच बाहेर आलं असतं. संपादक चिडले. त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही स्वाभाविक होतं, ऐन गर्दीच्या वेळी निवेदिका एक बातमी नाकारते. तीन आठवडे ती दुपारच्या बुलेटिनवर होती.

नंतर तिच्या लक्षात आलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नेमकी एकच बातमी नाकारली की डेस्कवरचा चाणाक्ष माणूस दोन आणि दोन जोडतोच. त्यामुळे अशी वेळ पुन्हा आली तेव्हा तिने बातमी नाकारली नाही, सहकाऱ्याशी पूर्ण शिफ्टच बदलून घेतली. कुठे काही खूण उरली नाही. नव्या करारात तिने एक ओळ घालून घेतली: कारण न देता वर्षातून ठरावीक वेळा बुलेटिन बदलून मागण्याचा हक्क. मला विचाराल तर वकिलीतून या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाने पगाराच्या आकड्याआधी ही ओळ मागावी.

निष्पत्ती

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि डेस्कवर सगळे तिला शोधू लागले. दंड संहितेची ५११ कलमं जाऊन न्याय संहितेची ३५८ आली. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८, पीडितेची ओळख उघड करण्याला मनाई करणारं २२८-अ आता ७२. ‘तीनशे दोन लागलं’ हे तर गावच्या पारावरचं मराठी आहे, ते एका रात्रीत कसं बदलणार? तिने डेस्कसाठी एका पानाचा तक्ता केला आणि बातमीत जुना गुन्हा असेल तर जुनं कलम, नवा असेल तर नवं, हे बातमीदारांना पुन्हा पुन्हा सांगितलं. १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते, हे तेव्हा पुष्कळ ठिकाणी चुकत होतं. आता ती बुलेटिन वाचते आणि कायद्याच्या बातम्या आधी तिच्या नजरेखालून जातात.

सात वर्षांचा तो दरवाजा तिच्यासाठी बंदच आहे. दिंडोरीच्या काकांची केस दुसऱ्या वकिलाने चालवली, शेवटी तडजोड झाली आणि रक्कम हप्त्यांनी मिळाली. तो उलटतपास तिने घेतला असता तर जास्त मिळालं असतं का? ती अजून विचारते. माझ्या मते हो, कारण तिचे प्रश्न मी वाचले होते.

वेगळं काय करता आलं असतं

करारावर सही करण्याआधी राज्य परिषदेला लेखी विचारता आलं असतं. करार, हजेरीचे तास, मोबदल्याचं स्वरूप, सगळं जोडून. उत्तर यायला वेळ लागला असता, पण विचारल्याची तारीख तिच्या हातात राहिली असती.

फाईली आधी सोपवून मग जायला हवं होतं. वाहिनी दोन महिने थांबायला तयार झाली असती का, हे आम्ही विचारलंच नाही. ‘लगेच या’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा थोडं थांबतो, हे मला तडजोडीच्या बैठकांतून माहीत असायला हवं होतं.

स्थगितीचा नियम वाचायला दहा मिनिटं लागली असती.

आणि माझं स्वतःचं. ती इतर वारी हजर नसताना मी तिच्या जागी उभा राहत होतो, आणि तिला मदत करतोय असं समजत होतो. त्या मदतीमुळेच ती तिसरी वाट सात महिने चालू शकली. दुसऱ्याच महिन्यात मी ‘आता उभा राहणार नाही, आधी करार दाखव’ म्हटलं असतं, तर ती माझ्यावर रुसली असती. पण काका त्या सोमवारी एसटीने येऊन रिकाम्या हाताने परत गेले नसते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. वकिली पुन्हा सुरू करायच्या अर्जाला काय काय जोडावं लागतं, एवढं विचारत होती. लगेच येणार आहेस का, म्हटलं. म्हणाली, “नाही सर. या वेळी आधी वाचून ठेवते.” मी नियमांची पानं तिला त्याच संध्याकाळी पाठवली, बुलेटिन सुरू व्हायच्या आधी.